एवढ्यात तुमचं भागतं का?

गेल्या उन्हाळ्यात माझ्या गिरणीतल्या टेबलावर तीन कोटेशनं पडली होती. एक रंगीत होतं. पहिल्याच पानावर गच्चीवर उभं राहून हसणारं कुटुंब. आमच्या शहरात मे महिन्यात गच्चीवर उभं राहून कुणी हसत नाही, एवढंही त्या कंपनीला माहीत नसावं. दुसरं मोबाईलवर आलेलं, एका ओळीचं. तिसऱ्यात पॅनेल कुठल्या कंपनीचं हेच लिहिलेलं नव्हतं. विचारलं तर माणूस म्हणाला, "अंकल, एक नंबर माल है, टेन्शन मत लो." मी टेन्शन घेऊनच आयुष्य काढलेलं आहे.

गिरणी आधी नुसती पिठाची होती. मग मिरची कांडप जोडलं, मग शेवयांचं मशीन. गच्चीवरची जुनी पॅनेलं पुरेनाशी झाली आणि विजेचं बिल पुन्हा वाढायला लागलं. म्हणून पुन्हा कोटेशनं.

भाव कसा पाडायचा हे मला कुणी शिकवायला नको. आलेल्या माणसाला आधी खुर्ची द्यायची नाही, थेट गच्चीवर न्यायचं, तेही दुपारी. उन्हात माणूस फार वेळ अडून राहत नाही. पहिल्याचं कोटेशन दुमडून दुसऱ्यासमोर ठेवायचं, नाव झाकलेलं आणि आकडा उघडा. मग गप्प बसायचं. आमच्या गल्लीत कुणाला फ्रिज घ्यायचा असो की लग्नाचं कार्यालय ठरवायचं असो, लोक मला गाडीवर बसवून नेतात. मी चिडतो, आवाज चढवतो, उठून चालायला लागतो आणि भाव खाली येतो.

पण गेल्या उन्हाळ्यात हात चालेना. दुमडलेलं कोटेशन समोर ठेवलं की एक जुना आवाज कानात यायचा आणि माझा सगळा ताव उतरायचा. तो आवाज शेजारच्या घरातला. आता तिथं घर नाही, सात मजली इमारतीसाठी खणलेला खड्डा आहे.

ते माझे घरमालक. मी त्यांना मालकच म्हणायचो. बाकी गल्ली त्यांना कंडक्टर म्हणायची, कारण सगळा जन्म त्यांनी एस.टी.त तिकिटं फाडली. निवृत्त झाल्यावरही एस.टी. त्यांच्यातून उतरली नाही. माणसांना ते गावाच्या नावानं हाक मारायचे, कोण कुठं चढला तेवढंच त्यांच्या लक्षात राहायचं. मी पिशोर. किराणावाला फुलंब्री. टँकरवाला करमाड. त्यांच्या खाटेच्या लोखंडी पायावर ते किल्लीनं वाजवायचे. एकदा वाजवलं की थांब. दोनदा वाजवलं की बोलणं संपलं, चला. मी तावातावानं काही सांगत असलो की मध्येच एक ठोका पडायचा आणि माझं तोंड आपोआप बंद व्हायचं. याचाही मला राग यायचा.

त्यांची सगळ्यात वाईट खोड अशी की त्यांनी आयुष्यात कधी भाव केला नाही. "तिकिटाला घासाघीस असती का?" असं म्हणायचे. इतकंच असतं तर मी समजून घेतलं असतं. पण समोरच्यानं भाव सांगितला की ते त्यालाच विचारायचे, "एवढ्यात तुमचं भागतं का?"

हे टोमणा म्हणून नाही. खरंच विचारायचे, आणि उत्तराची वाट बघायचे. मेथीवाली बाई गोंधळून जायची. कधी कुणी म्हणायचं, "नाय भागत, बाबा." मग ते दोन रुपये जास्त द्यायचे. दुष्काळात टँकरचे दर रोज चढत होते, आम्ही गल्लीतली माणसं टँकरवाल्याशी हमरीतुमरीवर यायचो, आणि हे मागून लोटाभर पाणी घेऊन यायचे, त्यालाच प्यायला द्यायचे, आणि विचारायचे. त्याच्याच टँकरचं पाणी त्यालाच. मालकीणकाकू आतून कपाळावर हात मारून घ्यायच्या. शेवटी काकूंनी भाजी माझ्याकडून चोरून आणवायला सुरुवात केली. "यांना सांगू नको," म्हणायच्या, "म्हण, शेतातून आली." मालकांना भाजी चाखूनच कळायचं की कुणाला तरी नाडून आणलीय. ते फक्त कमी जेवायचे.

माझं त्यांच्याशी भांडण मात्र त्याच्याही आधीचं आहे.

पिशोरला आमच्याकडं मेंढरं होती. दुष्काळाचं दुसरं वर्ष लागलं तेव्हा बापानं ती बाजारात काढली. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं होत नाही. व्यापारी खांद्यावरचा रुमाल हातावर टाकतो, विकणारा त्याखाली हात घालतो आणि बोटं दाबून बोलणी होतात. आजूबाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. मी बापाच्या शेजारी उभा होतो. रुमालाखाली हात बराच वेळ हलत होते, मग थांबले. बापानं हात बाहेर काढला आणि धोतराला पुसला. काय भाव झाला ते त्यानं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. त्या दिवशी मी ठरवलं, आपण पडत्या भावानं जगायचं नाही.

त्यानंतर मी शहरात आलो आणि खोली शोधत मालकांच्या दारात उभा राहिलो. चिकलठाण्याला एका कारखान्यात हेल्परची नोकरी मिळाली होती. भाडं किती सांगतील, मी किती म्हणायचं, कुठं अडायचं, कुठं चालू लागायचं, सगळं घोकून आलो होतो. मालकांनी भाडं सांगितलं. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "पगार किती?" मी सांगितला. "मग एवढं भाडं देऊन तुझं भागल का?" आणि त्यांनीच भाडं जवळजवळ निम्म्यावर आणलं. किल्ली हातात दिली, खाटेवर दोनदा वाजवलं, झालं.

लोकांना वाटतं यात राग येण्यासारखं काय आहे. ज्यांनी कधी भाव केला नाही त्यांना ते कळायचं नाही. मी लढायला गेलो होतो आणि समोरच्यानं मला पाणी पाजून परत पाठवलं. त्या खोलीत मी सात वर्षं राहिलो, भाड्यातून वाचलेल्या पैशातून गिरणी टाकली, पुढं शेजारचाच प्लॉट घेऊन घर बांधलं. या शहरातला माझा पहिला सौदा मी जिंकलेला नाही. तो मला दिलेला आहे. ते ओझं उतरवायला मला एकच गोष्ट हवी होती. मालकांनी एकदा, फक्त एकदा म्हणावं, "पिशोर, माझ्यासाठी भाव कर." काहीही. टाकी, पंखा, चप्पल.

ते कधी म्हणाले नाहीत. म्हणून सोलरच्या वेळी मी स्वतःच घुसलो.

ती पुन्हा कोरडी वर्षं होती. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, त्यातही दाब नाही, त्यामुळं प्रत्येक घराची मोटर तासन्‌तास चालायची. इकडं शहर सगळ्या बाजूंनी पसरत होतं. शेंद्र्याकडं कारखाने, बिडकीनकडं नवीन रस्ते, धूळ इतकी की संध्याकाळी ओटा पुसला तर सकाळी त्यावर नाव लिहिता यायचं. विजेची बिलं बघून गल्ली हैराण झाली होती. मी सगळ्यांना गोळा केलं. एकेकट्यानं घेतलं तर कंपनी चढ्या भावानं देणार. दहा गच्च्या एकदम दिल्या तर भाव आपला. नऊ घरं मिळाली. दहावी गच्ची मालकांची.

"घेऊ की," मालक म्हणाले. "काकूचा कुलर चालल दिवसा."

"भाव मी करतो, मालक. तुम्ही फक्त बसा."

ते काही बोलले नाहीत. मी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

तीन जण येऊन गेले. त्यात एक बिडकीनचा होता, तिशीचा. त्यांच्या घरची जमीन कारखान्यांच्या पट्ट्यात गेली होती. त्याच्या भावांनी आलेल्या पैशातून गाड्या घेतल्या, यानं सोलरचं काम शिकून धंदा टाकला होता. शर्ट नवीन, बूट नवीन, बोलणं कच्चं. दहा गच्च्यांचं काम म्हटल्यावर त्याचे डोळे मोठे झाले, आणि तिथंच तो माझ्या हातात आला. त्याला तीनदा गच्चीवर नेलं. दुसऱ्यांची कोटेशनं दुमडून दाखवली. पॅनेल चांगल्या कंपनीचं, लोखंड जाड, पाय उंच, वॉरंटी लेखी, आणि आकडा सगळ्यांच्या खाली. सगळी गल्ली माझ्या ओट्यावर जमली होती. शेवटी तो म्हणाला, "ठीकंय काका, तुम्ही म्हणता तसं."

मी मालकांकडं बघितलं. आज तरी कळलं असेल, असं मला वाटलं.

मालक उठले. लोटा घेऊन त्याच्यापाशी गेले, त्याला पाणी दिलं. तो घटाघटा प्यायला. सकाळपासून त्याला कुणी पाणी विचारलं नव्हतं.

"बिडकीन," मालक म्हणाले, "एवढ्यात तुझं भागतं का?"

त्यानं माझ्याकडं बघितलं.

"मालक, सौदा झालाय," मी म्हणालो.

"मी त्याला विचारतोय."

त्यानं लोटा खाली ठेवला. नवीन बुटांकडं बघत म्हणाला, "नाय भागत, बाबा. पण पहिलं काम हाय. नाय मिळालं तर घरी तोंड कसं दाखवू?"

"मग घेऊ नको," मालक म्हणाले. "ज्या भावात भागत नाही ते काम माणूस अर्ध्यात सोडतो. नायतर चोरी करतो."

गल्ली हसली. मी नाही हसलो. मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. सगळ्यांसमोर बोललो. "तुम्हाला जन्मात कळलं नाही पैसा काय असतो," इथवर गेलो. मालकांनी ऐकून घेतलं, माझ्या ओट्याच्या लोखंडी खांबावर किल्लीनं दोनदा वाजवलं आणि घरी गेले.

बिडकीनवाल्यानं काम सोडलं. मी जालना रोडच्या एका मोठ्या कंपनीला नऊ गच्च्या दिल्या. भाव मला हवा होता तितका मिळाला नाही, पण जवळपास मिळाला. आणि एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवतो, कारण लोकांना शेवट माहीत आहे असं वाटतं. ती पॅनेलं आजही चालू आहेत. वादळात उडाली नाहीत, जळाली नाहीत. माझा भाव बरोबर होता.

मालकांनी एकट्यानं बिडकीनवाल्याला काम दिलं, त्यानं सांगितलेल्या पूर्ण भावानं, वर बराचसा पैसा आगाऊ. त्यानं गच्चीवर लोखंड उभं केलं. चांगलं केलं, जाड अँगल, माणूस ताठ चालेल इतके उंच पाय. पॅनेलं घेऊन पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला आणि गेला. तो आलाच नाही. फोन बंद.

मी वाट बघितली की मालक माझ्याकडं येतील. आले नाहीत. शेवटी मीच गेलो.

"पोलिसांत चला. मी येतो बरोबर."

"कामून?"

"कामून म्हणजे? पैसे घेऊन पळाला तो."

"पळाला नाय. उतरलाय." ते खाटेवर सरकून बसले. "गर्दीत सुटे नसले की मी तिकिटाच्या मागं लिहून द्यायचो, एवढे बाकी. कधी माणूस विसरून उतरायचा. कधी मी विसरायचो. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीला तिकीट घेऊन उभा राहायचा. मी द्यायचो. कधी मीच त्याला हुडकायचो."

"आणि कधीच नाही आला तर?"

"तर त्याचं तिकीट हरवलं असल," ते म्हणाले.

असल्या माणसाशी भांडण करणं म्हणजे भिंतीला लाथ मारणं. आपलाच पाय दुखतो.

त्या रिकाम्या लोखंडावर त्यांनी हिरवी जाळी टाकली. खाली खाट नेली. काकू गेल्या त्या वर्षी ते दिवसचे दिवस तिथंच असायचे. माझी पॅनेलं इतकी खाली बसवलेली की त्यांच्याखाली फक्त मांजर बसू शकतं. आमची मोटर माझ्या पॅनेलवर फिरायची आणि दुपारी मी गिरणी बंद करून त्यांच्या बिनपॅनेलच्या सावलीत जाऊन बसायचो. ते म्हणायचे, "बघ, वीज नाय तर नाय, सावली पडली का नाय?" मी म्हणायचो, "या सावलीचं बिल लई झालं, मालक." ते हसायचे. आमचं इतकंच बोलणं व्हायचं. बाकी दोघंही रस्त्यावरच्या धुळीकडं बघत बसायचो. भाव कर असं ते तेव्हाही म्हणाले नाहीत.

मुलीनं त्यांना नाशिकला नेलं आणि तिथंच ते गेले. घर बिल्डरनं घेतलं. पाडायला आले तेव्हा मी त्या ठेकेदाराशी भांडून ते लोखंड भंगाराच्या भावात घेतलं. लोखंड चांगलं होतं म्हणून घेतलं. माझ्या गच्चीच्या मोकळ्या अंगाला उभं करून वर तीच जाळी टाकली.

तर गेल्या उन्हाळ्यात, ती तीन कोटेशनं टेबलावर असताना, एक माणूस गिरणीच्या दारात येऊन उभा राहिला. कानांजवळ केस पांढरे, पायात साधी चप्पल. शेजारच्या खड्ड्याकडं बघत म्हणाला, "इथं एक कंडक्टर बाबा राहायचे."

मी गिरणीचा पट्टा बंद केला.

"बिडकीन," मी म्हणालो.

"व्हय काका."

पुढचा वेळ मी जे बोललो ते गिऱ्हाइकांनी दळण विसरून ऐकलं. तो मान खाली घालून उभा होता. मी दमल्यावर त्यानं सांगितलं. नात्यागोत्यातल्या लोकांच्या विहिरींवर त्यानं सोलरचे पंप बसवले होते. पाऊस पडला नाही, विहिरी आटल्या. "पंप काय वढणार, काका? उन्ह लई होतं, पाणीच नव्हतं. लोक पैसे देईनात, मी मागू शकलो नाय. बाबांच्या पॅनेलचे पैसे त्यातच गेले." मग तो पुण्याला गेला, दुसऱ्याच्या हाताखाली राबला. आता शेंद्र्याला स्वतःचं काम होतं, माणसं होती.

"बाबांचं काम राहिलंय," तो म्हणाला. "करायला आलो."

"बाबा गेले."

त्यानं दाराची चौकट धरली. मग रस्त्यावर जाऊन वर बघितलं आणि परत आत आला. "ते वरचं लोखंड माझं हाय."

मी नाशिकला फोन लावला. म्हटलं, तुझ्या बाबांचा माणूस आलाय, पैसे परत घे. मुलगी म्हणाली, "दादा, बाबांनी सांगून ठेवलंय. बिडकीन आला तर पैसे घ्यायचे नाहीत, काम घ्यायचं. माझ्या फ्लॅटला गच्ची कुठं आहे? तुमच्याकडंच बसवा. लोखंड तुमच्याकडंच आहे ना?"

चार दिवसांत त्यानं पॅनेलं चढवली. जाळी घडी करून माझ्या हातात दिली. काम इतकं नीट की मला शोधूनही खोट सापडली नाही, आणि मी लई शोधली. चालू केल्यावर कांडप आणि शेवयांचं मशीन दोन्ही एकदम फिरली.

"किती झाले सांग," मी म्हणालो.

"काय नाय."

"मालकांनी सगळे दिले नव्हते. बाकी होती."

"तवाच्या भावानं बाकी होती. आता पॅनेल लई स्वस्त झालं. त्यांच्या पैशातच बसलं समदं."

"वायर? इन्व्हर्टर? तुझ्या माणसांची मजुरी? मला येडा समजतो का? तीन कोटेशनं पडलीत माझ्या टेबलावर." मी ती आणून त्याच्यापुढं आपटली. या वेळी दुमडली नव्हती. "ह्यातला सगळ्यात मोठा आकडा घे."

"नको."

"मधला घे."

"नको, काका."

जन्मात पहिल्यांदा मी भाव वर ओढत होतो, आणि समोरचा ढिम्म हलत नव्हता. मी आवाज चढवला, तो गप्प बसला. मी उठून चालायला लागलो, त्यानं थांबवलं नाही. सगळे माझेच डाव.

"कुठं शिकलास हे?"

"तुमच्या ओट्यावर," तो म्हणाला. "त्या दिवसानंतर मी कुणाफुडं पडलो नाय."

"अरे पण एवढ्यात तुझं भागतं का?" मी ओरडलो.

तो माझ्याकडं बघत राहिला. मग हळू म्हणाला, "भागतं, काका. आता भागतं."

त्यानं पाना, पकडी पिशवीत भरल्या आणि जिन्याकडं निघाला. माझ्या हातात गिरणीची किल्ली होती. मी पॅनेलच्या पायावर वाजवलं. एकदाच.

तो थांबला. ज्यानं मालकांच्या गच्चीवर काम केलं होतं त्याला ते समजावून सांगावं लागत नव्हतं.

"इकडं ये," मी म्हणालो. "सौदा झालेला नाय."

पॅनेलची सावली आता घट्ट पडली होती. मी खांद्यावरचा पिठाचा पंचा काढून झटकला आणि उजव्या हातावर टाकला. त्यानं बघितलं. बिडकीनचा माणूस, पैठणचा बैलबाजार पाहिलेला. हसत पिशवी खाली ठेवली आणि पंच्याखाली हात घातला.

मी त्याच्या मुठीत माझी बोटं देत होतो, तो एकेक सोडत होता. मी पुन्हा देत होतो. खाली मशीन चालू होतं, रस्त्यावरून टँकर गेला. बराच वेळ आमचे हात पंच्याखाली हलत राहिले, मग थांबले.

काय ठरलं ते सांगणार नाही. रुमालाखालचा भाव बाहेर सांगत नसतात.